शेपटाचं उत्तर

“डू यू नीड ॲन इंटरप्रिटर?”

हॉस्पिटलच्या काचेमागच्या बाईनं अगदी सहज विचारलं होतं. पण मला ते लागलं. वीस महिन्यांचा नील माझ्या कडेवर हुंदके देत होता, त्याचा डावा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता, चढ चढून आल्यामुळे मला धाप लागली होती, आणि ही बाई विचारते, दुभाषी हवा का.

“नो, थँक यू,” मी मान ताठ करून म्हणाले. “आय ॲम ॲन इंग्लिश टीचर.”

खरं तर ‘आय वॉज’ म्हणायला हवं होतं. बार्शीच्या शाळेत नववी-दहावीला मी चार वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलं, ते लग्नाआधी. मुलं मला ‘शेपूटवाल्या मॅडम’ म्हणायची, कारण क्वेश्चन टॅगला मी शेपूट म्हणायचे. वाक्य होकारी असलं की शेपूट नकारी, वाक्य नकारी असलं की शेपूट होकारी. एका मार्काचा प्रश्न, पण माझ्या वर्गातल्या एकाही मुलाचा तो मार्क कधी गेला नाही. हॉस्पिटलमधल्या त्या दिवसाला आता सात वर्षं झाली, तरी काचेमागच्या त्या बाईला मी कोणत्या तोऱ्यात उत्तर दिलं होतं ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं ते बंदराचं गाव. माझा नवरा हेरंब समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करायचा. दोन आठवडे बोटीवर, दोन आठवडे घरी. त्या दिवशी तो बोटीवर होता आणि फोन लागत नव्हता. आम्ही येऊन वर्ष होत आलं होतं, पण गावात माझी ओळख दुकानातल्या दोन मुलींशी आणि बस-ड्रायव्हरशी, तीही हवापाण्यापुरती.

झालं होतं ते एवढंच. दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही बंदराच्या रस्त्यानं चाललो होतो. एक भलामोठा समुद्रपक्षी कुणाचीतरी चिप्सची पुडी घेऊन फरशीवरून तुरुतुरु पळाला. नीलनं माझं बोट सोडलं आणि त्याच्यामागे धावला तो थेट रस्त्यावर. समोरून मासळीचा ट्रक. मी पुढचं काही पाहिलंच नाही. त्याचं मनगट हाताला लागलं ते धरून मी जीव खाऊन मागे ओढलं. ट्रक निघून गेला. मी त्याला छातीशी धरलं तेव्हा तो किंचाळत होता, आणि डावा हात हलवेना.

नर्सचं नाव कर्स्टी होतं. केस लालसर, वय माझ्याएवढंच असेल. तिनं नीलचा शर्ट काढला, त्याला हळूच वळवलं आणि थांबली. त्याच्या कमरेच्या खाली आणि पाठीवर निळसर डाग होते, शाईचा हात लागावा तसे.

“दीज वेअर्न्ट देअर बिफोर?” तिनं विचारलं. हे आधी नव्हते?

“नो, नो!” मी म्हणाले. नव्हते काय, जन्मापासूनचे आहेत, असं पुढे सांगणार तेवढ्यात तिचा हात नीलच्या कोपराला लागला आणि त्यानं असा टाहो फोडला की माझं वाक्य तिथंच राहिलं. मला सगळीकडे बारीक बघायची सवय आहे. तिनं एका कागदावर छापलेल्या बाळाच्या आकृतीवर, पाठीच्या जागी, तीन गोल काढले ते मी पाहिलं. काढू दे, म्हटलं. चोख काम करतात ही माणसं.

मग डॉक्टर गिलेस्पी आल्या. उंच, पन्नाशीच्या, गळ्यात चष्म्याची दोरी. आवाज अगदी मऊ. त्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली, डोळ्याला डोळा भिडेल अशी, आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. मी सांगितलं. पक्षी, रस्ता, ट्रक, ओढणं. घाईत माझी वाक्यं एकमेकांत अडकत होती. शाळेत कधी अडकली नव्हती, पण शाळेत माझं मूल रडत नसायचं.

“सो ही डिडन्ट फॉल,” डॉक्टर म्हणाल्या.

“येस.”

“ही डिड फॉल?”

“नो!”

त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

“देअर वॉज नोबडी विथ यू?”

“येस.”

“हू?”

“नोबडी,” मी म्हणाले. आता मलाही कळेना की या बाईला एकच गोष्ट दोनदा का लागते. थकल्या असतील, असं मनात आलं. सकाळपासून किती पेशंट बघितले असतील.

डॉक्टर थोड्या पुढे वाकल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या गावात माझ्या अंगाला घरच्याशिवाय कुणाचा हात लागला तो पहिल्यांदाच.

“यू डिडन्ट मीन टु हर्ट हिम, डिड यू?”

तुम्हाला त्याला दुखवायचं नव्हतं. कुणीतरी समजून घेतलं! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“येस!” मी म्हणाले. “येस, येस!” आणि मान हलवत राहिले.

त्यांचा हात गुडघ्यावरून निघाला. सावकाश, पण निघाला. त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही, पेनाचं टोपण लावलं. टोपणाचा तो टक् आवाज मला अजून आठवतो.

एक्स-रे झाला. हाड मोडलेलं नव्हतं. मी देवाचं नाव घेतलं, आता पट्टी बांधतील आणि पाठवतील घरी. पण कर्स्टी खोलीच्या दारातच उभी राहिली, बाहेर जाईना. पाण्याचा पेला मागितला तर तिनं तो दुसऱ्या कुणाकडून मागवला. मग करडा कोट घातलेल्या एक बाई आल्या. लहान मुलांच्या सुरक्षिततेचं बघते, असं त्यांनी सांगितलं आणि नाव सांगितलं, पण ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. पुढचं वाक्य मात्र शिरलं.

“नील आज इथेच राहील. तुम्हाला आत्ता त्याला घरी नेता येणार नाही.”

“हात दुखतोय म्हणून?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “आधी आम्हाला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.”

“व्हॉट थिंग्ज? मी सगळं सांगितलं ना! विचारा, पुन्हा विचारा.”

“तुम्ही प्रत्येक वेळी वेगळं सांगताय, मिसेस हुंडेकर.”

नील माझ्या मांडीवर होता. उजव्या हातानं त्यानं माझं मंगळसूत्र मुठीत धरलं होतं आणि डावा तसाच पडलेला. मी त्याला इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरला, आणि करड्या कोटाची नजर लगेच माझ्या हातांकडे गेली. मी पकड सैल केली. सैल केली तेही तिनं पाहिलं. मग हात कसे ठेवावेत तेच मला कळेना. आपल्या लेकराला धरायचं कसं, हे कुणीतरी बघतंय म्हणून विसरावं, यापेक्षा वाईट काय असणार.

डॉक्टर गिलेस्पी परत आल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. त्यांच्या हातात एक फोन होता, टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा.

“मला इंटरप्रिटर बोलवायचा आहे,” त्या म्हणाल्या.

“पण मला इंग्लिश येतं!” माझा आवाज चढला. “मी एम. ए. आहे! मी शिकवलंय!”

“तुमच्यासाठी नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “माझ्यासाठी. माझ्या मनात काहीतरी बसत नाहीये, आणि ते बसेपर्यंत मला सही करायची नाहीये.”

त्या एका वाक्यासाठी मी त्या बाईंची जन्मभर ऋणी आहे. तेव्हा मात्र मी रागानं भिंतीकडे बघत होते.

फोन दोन-तीनदा वाजला, काहीतरी आकडे दाबले गेले, आणि मग त्या पांढऱ्या खोलीत मराठी आलं.

“नमस्कार. मी दुभाषी क्रमांक चारशे सोळा. या खोलीत जे जे बोललं जाईल ते ते मी दुसऱ्या भाषेत सांगेन. मी ‘मी’ म्हटलं, तर ते बोलणाऱ्याचं ‘मी’ समजावं, माझं नव्हे. मला एकटीला म्हणून काही सांगू नका, कारण तेही मला सांगावंच लागेल.”

बाईचा आवाज. जरा घोगरा, वयस्कर, आणि शब्दांना विदर्भाकडची किंचित ओढ. वर्षभरात फोनवर आईशी आणि घरात हेरंबशी सोडून मी कुणाचं मराठी ऐकलं नव्हतं.

“अहो ताई!” मी एकदम म्हणाले. “तुम्ही कुठल्या हो?”

आवाज जराही न अडखळता इंग्रजीत म्हणाला, “सिस्टर, व्हेअर आर यू फ्रॉम?”

डॉक्टर गिलेस्पी चमकल्या. “मी? मी इनव्हर्नेसची,” त्या म्हणाल्या.

“मी इनव्हर्नेसची,” चारशे सोळांनी मला मराठीत सांगितलं.

दारातल्या कर्स्टीनं खोकल्याचं निमित्त करून तोंडावर हात धरला. नियम कळला.

मग डॉक्टरांनी विचारलं आणि फोनमधून मराठीत आलं, “मघाशी तुम्ही मला सांगितलंत की तुम्हाला बाळाला इजा करायची होती. हे खरं आहे का?”

खोलीतलं सगळं लांब गेलं, नीलचं डोकं तेवढं माझ्या हनुवटीखाली.

“काय? मी? असं मी कधी म्हणाले? अहो, माझं पोर आहे ते! ट्रकखाली गेलं असतं म्हणून ओढलं मी! कोण म्हणतं मी असं म्हणाले?”

चारशे सोळांनी ते सगळं इंग्रजीत सांगितलं, माझ्या ओरडण्यासकट, त्याच चढत्या स्वरात. करड्या कोटातल्या बाई डॉक्टरांकडे बघायला लागल्या.

“मी विचारलं होतं,” डॉक्टर आठवून आठवून सावकाश म्हणाल्या, “यू डिडन्ट मीन टु हर्ट हिम, डिड यू? आणि मिसेस हुंडेकर म्हणाल्या, येस. तीनदा म्हणाल्या.”

फोनमधून भाषांतर आलं नाही.

मला वाटलं, लाइन गेली. मग तो घोगरा आवाज इंग्रजीत बोलला, पण या वेळी कुणाचंच भाषांतर न करता.

“दुभाषीला स्वतःच्या वतीनं काही सांगायचं आहे. परवानगी आहे का?”

“बोला,” डॉक्टर म्हणाल्या.

“तुमच्या भाषेत, डॉक्टर, येस किंवा नो हे घडलेल्या गोष्टीला दिलेलं उत्तर असतं. आमच्या भाषेत ते समोरच्या माणसाला दिलेलं उत्तर असतं. तुम्ही म्हणालात, तुम्हाला त्याला दुखवायचं नव्हतं. या बाई म्हणाल्या, हो. म्हणजे, हो, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, नव्हतं दुखवायचं. इंग्रजीत त्यांनी तिथे नो म्हणायला हवं होतं. पण मराठी माणसाला तुमच्यासारख्या भल्या डॉक्टरला तिथे नो म्हणणं म्हणजे तोंडावर खोटं पाडल्यासारखं वाटतं. मी या देशात एकतीस वर्षं आहे. माझीही अजून चूक होते. माझी विनंती आहे की ‘नाही’ असलेला प्रश्न तुम्ही जिथे जिथे विचारला असेल, तिथलं उत्तर उलटं करून वाचावं.”

मग हेच सगळं तिनं मला मराठीत सांगितलं. सांगायची गरज नव्हती. पहिल्याच वेळी इंग्रजीतलं अक्षरन् अक्षर मला कळलं होतं.

एका मार्काचा प्रश्न. शेपूट कुठे लावायचं, कसं लावायचं, डिड लावायचं की डझ, सगळं मी पाठ करून घेतलं होतं पोरांकडून. शेपटाला उत्तर काय द्यायचं, ते मात्र कधी शिकवलं नाही. परीक्षेत ते यायचं नाही ना.

डॉक्टर गिलेस्पींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पेनाचं टोपण काढलं आणि कागद वरपासून वाचायला लागल्या. मी त्यांच्या पेनाच्या टोकाकडे बघत होते. पडला नव्हता का, येस. म्हणजे पडला नव्हता. सोबत कुणी नव्हतं का, येस. म्हणजे कुणी नव्हतं. टोक एकेका ओळीवर थांबत होतं आणि पुढे सरकत होतं.

“हे डाग,” त्या म्हणाल्या. “आधी नव्हते का, असं कर्स्टीनं विचारलं. उत्तर, नो.”

“होते!” मी मराठीतच म्हणाले. “जन्मला तेव्हापासून आहेत. बारशाला माझ्या वन्संनी तेवढ्यावरून नाव ठेवलं त्याचं. आत्याचा मान असतो ना. पाळण्यात पालथा निजवला होता, त्या म्हणाल्या, हा तर अंगावर निळाई घेऊनच आलाय, याला नील म्हणा.”

चारशे सोळांनी भाषांतर केलं आणि शेवटी जोडलं, “दुभाषीकडून खुलासा. नील म्हणजे निळा. ब्लू.”

डॉक्टरांनी नीलच्या मनगटावरची कागदी पट्टी उलटी केली. त्यावर त्याचं नाव होतं. मग त्यांनी त्याला माझ्या मांडीवरच हलकेच पुढे वाकवलं आणि पाठीवरच्या डागांवर बोट दाबून पाहिलं. एकदा इथे, एकदा तिथे. तो रडला नाही, मागे वळून त्यांच्या चष्म्याच्या दोरीला हात घालायला लागला.

“हं, माराचे वळ नाहीत, जन्मखुणा आहेत,” त्या म्हणाल्या. “हे आम्हीच ओळखायला हवं होतं.”

कर्स्टी कानापर्यंत लाल झाली.

“तर मग हा पडलेला नाही,” डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “आणि ओढल्यामुळे कोपर फक्त जागचं सरकलंय. मला दोन तास आधी कळायला हवं होतं.” त्यांनी नीलचं कोपर एका हातात घेतलं, दुसऱ्या हातानं पंजा धरला, वळवला आणि दुमडला. टक्. नील किंचाळला. मी डोळे मिटले.

“बिस्किट आहे का तुमच्याकडे?” डॉक्टरांचा प्रश्न फोनमधून मराठीत आला.

मी पर्समधून बिस्किट काढलं. डॉक्टरांनी ते नीलच्या डाव्या बाजूला, उंच धरलं. तो मुसमुसत बघत राहिला. आम्ही सगळ्या बघत राहिलो, डॉक्टर, कर्स्टी, करडा कोट, मी, आणि जिला काही दिसत नव्हतं ती फोनमधली बाई. मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. आणि मग त्यानं डावा हात उचलला, कोपरापासून, खांद्यापासून, आणि बिस्किट घेतलं.

“घेतलं,” मी म्हणाले.

“ही हॅज टेकन इट,” चारशे सोळा म्हणाली. ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणाऱ्या डॉक्टरांना तिनं सांगायची काय गरज होती? पण नियम होता.

करड्या कोटातल्या बाईंनी फाईल मिटली. “तुम्ही बाळाला घरी नेऊ शकता,” त्या म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून, “आय ॲम सॉरी.”

हे ऐकेपर्यंत मी तग धरला होता. मग नीलच्या केसांत तोंड खुपसून मी इतकी रडले की पुढचं अर्धंमुर्धंच कळलं. डॉक्टर फोनकडे वाकून काहीतरी म्हणाल्या. “आता माझी गरज नाही ना ताई?” असं त्या आवाजानं विचारलं. माझ्या तोंडून सवयीनं “हो” निघालं, आणि तिकडे लाइन बंद झाली. आभार राहून गेले.

घरी येऊन मी फोन नंबर शोधले, कंपनीला विचारलं. दुभाषींची नावं सांगता येत नाहीत, निरोप देता येत नाही. समुद्रावरून परत आलेला हेरंब सगळं ऐकून म्हणाला, “अगं, तिचं रोजचं काम आहे ते. ती विसरलीही असेल.”

“ती विसरली असेल,” मी म्हणाले. “मी कशी विसरू?”

आठ दिवसांनी हात दाखवायला पुन्हा बोलावलं होतं. काचेमागे तीच बाई. तिनं मला ओळखलं, हसली.

“यू डोन्ट नीड ॲन इंटरप्रिटर, डू यू? टीचर ना तुम्ही!”

नकारी वाक्य, होकारी शेपूट. मी एक श्वास घेतला.

“आय डू,” मी म्हणाले. “आय नीड ॲन इंटरप्रिटर.”

डॉक्टर गिलेस्पींनी टेबलावर फोन ठेवला तेव्हा मी मनात सगळे देव आठवत होते. मराठीचे त्यांच्याकडे तीनच दुभाषी आहेत, असं कर्स्टीनं मला दारात सांगितलं होतं. फोन वाजला, आकडे दाबले गेले.

“नमस्कार. मी दुभाषी क्रमांक चारशे सोळा. या खोलीत जे जे बोललं जाईल ते ते...”

“डॉक्टर,” मी इंग्रजीत म्हणाले, “आधी मला मराठीत बोलायचं आहे. तुमच्या परवानगीनं.”

डॉक्टरांनी मान डोलावली.

“ताई,” मी म्हणाले, “मी ती नीलची आई. तुम्ही मागच्या मंगळवारी नसतात, तर माझं मूल त्या दिवशी माझ्यासोबत घरी आलं नसतं. मी चार वर्षं व्याकरण शिकवलं, पण जे मला येत नव्हतं ते तुम्ही एका मिनिटात सांगितलंत, आणि मला लाज वाटू दिली नाहीत. त्या दिवशी मी तुमचे आभार न मानताच हो म्हणून बसले. ते हो खरं नव्हतं. मला तुमची गरज होती. आता पूर्ण वाक्यात सांगते. मी तुमचे उपकार विसरणार नाही.”

मी थांबले. डॉक्टर फोनकडे बघत होत्या, भाषांतराची वाट बघत. नियम म्हणजे नियम.

“सिस्टर,” घोगऱ्या आवाजानं सुरुवात केली, “आय ॲम नील्स मदर. इफ यू हॅड नॉट बीन देअर लास्ट ट्यूजडे, माय चाइल्ड... माय चाइल्ड वुड नॉट...”

आवाज थांबला. तिकडे कुठेतरी, न दिसणाऱ्या त्या खोलीत, कुणीतरी नाक ओढलं.

“द इंटरप्रिटर,” ती म्हणाली, “नीड्स अ मोमेंट.”

डॉक्टर गिलेस्पींनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा कागदी रुमालांचा खोका उचलला आणि फोनच्या समोर नेऊन ठेवला.